नर्सिंगचं शिक्षण आणि घरात लहान मूल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझं वय 29. मुलं दोन, एक साडेचार वर्षांचं, एक दोन वर्षांचं. यंदा जीएनएमला (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी या नर्सिंगच्या पदविकेला) प्रवेश घ्यायचा आहे. सासूबाई मुलांना सांभाळायला तयार आहेत, पण हजेरी फार कडक असते असं ऐकते. निभेल का? (बार्शी)

उत्तर: निभेल, पण हजेरीचं गणित प्रवेशाआधीच नीट समजून घ्या. वयाची मर्यादा 35 आहे आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमांत विवाहित स्त्रीला मज्जाव नाही. अभ्यासक्रम 3 वर्षांचा. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत 80 टक्के हजेरी लागते. पुढची अट पुष्कळ जणींना उशिरा कळते: प्रमाणपत्र हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी प्रत्येक विभागात 100 टक्के पूर्ण व्हावी लागते. म्हणजे मुलाच्या तापापायी बुडालेली ड्युटी माफ होत नाही, नंतर भरून द्यावी लागते. असे दिवस साचत गेले की शेवटी सगळे एकदम अंगावर येतात. बरोबरच्या मुली महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणीला जातात आणि आपण वॉर्डात दिवस भरत राहतो.

म्हणून एक छोटी वही करा. तारीख, वॉर्ड, किती तास बुडाले, कधी भरून दिले, आणि त्याच दिवशी वॉर्ड सिस्टरची सही. सही उद्यावर ढकलली की सिस्टरची पाळी बदलते आणि दिवस हिशेबातून जातो. भरपाई त्याच वर्षाच्या सुट्टीत करू द्या, असा अर्ज ट्यूटरकडे लेखी द्या.

वर्षाच्या सुरुवातीलाच रोटेशन प्लॅन मागून घ्या आणि स्वयंपाकघरात चिकटवा. रात्रपाळी कोणत्या महिन्यात, गावातली कम्युनिटी पोस्टिंग कधी, हे सासूबाईंनाही दिसलं पाहिजे. तिसऱ्या वर्षी मिडवाइफरी, म्हणजे बाळंतपणाचं काम, आली की केसबुकात स्वतः केलेली बाळंतपणं नोंदवावी लागतात, आणि बाळंतपण काही घड्याळ बघून होत नाही. तो काळ घरासाठी सर्वांत अवघड. सासूबाई स्वतः आजारी पडल्या तर मुलांना कोण बघणार, ते नाव आत्ताच ठरवा. शेजारीण, नणंद, पाळणाघर, कुणीही चालेल. पण एकाच माणसावर सगळी मदार ठेवू नका.

हॉस्टेलला राहणं सक्तीचं आहे का, तेही फी भरण्याआधी विचारा. घरून ये-जा करण्याची परवानगी मिळत असेल तर ती कागदावर घ्या.

प्रश्न: बाळ 7 महिन्यांचं आहे. कॉलेज आणि वॉर्ड मिळून आठ-नऊ तास बाहेर असते. अंगावरचं दूध बंद करावं लागेल का? (नांदेड)

उत्तर: मुळीच नाही. बाळाचा वरचा आहार सुरू झाला आहे, त्यामुळे तुमच्या मागे दोन वेळा दूध मिळालं तरी भागतं. रुजू होण्याच्या साधारण दोन आठवडे आधीपासून हाताने किंवा पंपाने दूध काढायची सवय करा. बाहेर असताना दर तीन तासांनी काढा. काम आहे म्हणून टाळलं की दूध साठून गाठी होतात, स्तन लाल होतो, ताप येतो आणि पुढे दूधही कमी होतं. ताप आला तर डॉक्टरांना दाखवा, पण दूध काढणं थांबवू नका.

हात साबणाने धुऊन, उकळलेल्या झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात 60 ते 90 मिली एवढंच एकेका वेळचं साठवा. वर तारीख आणि वेळ लिहा. खोलीचं तापमान 25 अंशांपर्यंत असेल तर दूध 4 तास टिकतं. नांदेडच्या उन्हाळ्यात यावर विसंबू नका. बर्फाच्या पॅकसह थर्मल पिशवीत ठेवा आणि घरी येताच फ्रिजच्या आतल्या भागात, दारात नव्हे. तिथे ते 4 दिवस राहतं. वर साय आल्यासारखा थर दिसला तर दूध नासलं असं समजून घरची मंडळी ओतून देतात. तो थर स्निग्धांशाचा असतो, भांडं हलकं फिरवलं की मिसळतो. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, कोमट पाण्यात भांडं ठेवा. पाजायला वाटी-चमचा. उष्टं दूध दोन तासांनंतर फेकून द्या.

प्रश्न: पत्नी दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिची रात्रपाळी सुरू होतेय. मी नेमकं काय करू? (कोल्हापूर)

उत्तर: तुम्ही विचारलंत याचा आनंद आहे. ती सकाळी आली की मूल तिच्या हाती देऊन ऑफिसला निघू नका. रात्रभर जागलेली बाई बाळाला घेऊन सोफ्यावर टेकली आणि डोळा लागला तर बाळ गुदमरू शकतं. साडेनऊ ते दोन एवढी सलग झोप तिला मिळेल असं बघा: जाड पडदा, बेल बंद, मूल दुसऱ्या घरी किंवा अंगणवाडीत.

युनिफॉर्म तिने हॉस्पिटलातच बदलून वेगळ्या पिशवीत आणावा. तो तुम्ही मुलांच्या कपड्यांत न मिसळता गरम पाण्यात धुवा आणि उन्हात वाळवा. हिपॅटायटिस-बीच्या लसीचे तिन्ही डोस (0, 1 आणि 6 महिने) झालेत का, तेही विचारा. सुई टोचली तर ते लपवायचं नाही. जखम साबण-पाण्याने धुऊन लगेच इन्चार्जना सांगायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो 2 तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि ते 28 दिवस चालतं. ती अंगावर पाजत असेल तर हे डॉक्टरांना त्याच वेळी सांगायला हवं.

अभ्यासातही हात देता येतो. जेवण झाल्यावर रोज तिला ड्रिपची पाच गणितं घाला. उदाहरणार्थ: 500 मिली सलाइन 4 तासांत द्यायचं, सेट 20 थेंबांचा (1 मिलीला 20 थेंब), तर मिनिटाला किती थेंब? 500 गुणिले 20, भागिले 240, म्हणजे साधारण 42. तासांची मिनिटं करायला विसरणं ही इथली नेहमीची चूक, तीच आधी तपासा.