पोटावर हात ठेवण्याआधी

अगं, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं पोट चोळायला नारळ खवायचा जोर नको. आधी डॉक्टरांना विचार. पोटाचं ताजं ऑपरेशन, आतड्यात अडथळा, रक्तस्राव असेल तर हातच लावायचा नाही. फीड, म्हणजे ट्यूबमधून पोटात जाणारं पातळ अन्न, दिल्या दिल्याही नको, तासभर जाऊ दे. डोक्याची बाजू 30 ते 45 अंश वर. आपल्या रत्नागिरीच्या दमट हवेत तेल दोन थेंब पुरे. उजव्या जांघेपासून वर, बरगड्यांखालून आडवं, मग डावीकडून खाली; मोठं आतडं असंच जातं. मी नवीन असताना उलटं फिरवत होते, सिस्टरांनी मनगटच धरलं! साधारण 15 मिनिटं, दिवसातून दोनदा. पोट टणक लागलं, कपाळावर आठी आली की थांब. ट्यूबमधून परत किती आलं, पोटाचा घेर किती, लगेच लिही.