‘ताई, पायलटसाठी कुठलं कॉलेज बरं?’

बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न घेऊन बडोद्यातली बरीच घरं माझ्याकडे येतात. 2025 च्या जूनमध्ये मांजलपूरचं एक कुटुंब आलं होतं. त्यांचीच गोष्ट सांगते, कारण या प्रश्नातल्या जवळपास सगळ्या गाठी तिच्यात आहेत. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

वडील मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला, आई शाळेत शिक्षिका. मुलगा बारावी सायन्स, ए ग्रुप म्हणजे गणितवाला, चष्मेवाला, कमी बोलणारा. वडिलांनी खुर्चीत बसता बसताच एक गुळगुळीत माहितीपत्रक टेबलावर ठेवलं. “ताई, शनिवारपर्यंत 50 हजार भरले तर सीट पक्की म्हणतायत. भरू का?”

मुखपृष्ठावर पांढऱ्या शर्टातला तरुण, खांद्यावर चार पट्ट्या. चार पट्ट्या कॅप्टनच्या असतात आणि त्या कुठलंही कॉलेज देत नाही, पण ते असो. आत तीन वर्षांचा बीएससी एव्हिएशनचा अभ्यासक्रम, फी 12 लाख. मी मुलाला म्हटलं, विषय मोठ्यानं वाच. त्यानं वाचले: एअरपोर्ट मॅनेजमेंट, ग्राउंड हँडलिंग, कार्गो, संभाषण कौशल्य. पानं उलटत तो शेवटच्या फोटोपाशी आला आणि थांबला. फोटोखाली बारीक अक्षरात छापलं होतं की उड्डाणाचं प्रशिक्षण सहयोगी संस्थेत होईल, त्याचं शुल्क वेगळं. वडिलांनी चष्मा कपाळावर सरकवून ती ओळ स्वतः वाचली.

“म्हणजे या 12 लाखांत विमान नाहीच?”

नाहीच. इथंच बहुतेक घरांची गल्लत होते. डॉक्टर व्हायला मेडिकल कॉलेज लागतं, मग पायलट व्हायलाही कॉलेजच लागत असणार, असा आपला हिशेब. पण पायलटचं लायसन्स विद्यापीठ देत नाही, डीजीसीए, म्हणजे नागरी विमानवाहतुकीवर देखरेख करणारं केंद्राचं खातं, देतं. त्यासाठी बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, वय 18 पूर्ण, वैद्यकीय तपासणी, लेखी पेपर आणि मान्यताप्राप्त फ्लाइंग स्कूलमधले 200 तास उड्डाण लागतं. पदवीची अट नाही. कॉमर्सची मुलंसुद्धा एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, फिजिक्स-मॅथ्सचे पेपर देऊन या रांगेत येतात.

पदवी घेऊ नये असं माझं म्हणणं नाही, उलट घ्यावीच. पण मग ती आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीत, राहत्या घरातून, पार थोड्या फीमध्ये घ्या. उद्या विमान हुकलं तरी फिजिक्सचा बीएससी कुठंही उभा राहू शकतो. एअरपोर्ट मॅनेजमेंटच्या पदवीबद्दल मी तसं म्हणणार नाही.

वडिलांचा पुढचा प्रश्न सरळ होता: एकूण लागतात किती? अमेठी जिल्ह्यातल्या फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. तिथलीच फी 45 लाखांच्या घरात जाते, राहणं-खाणं निराळं. खासगी ठिकाणी आकडा पुढं-मागं होतो. त्यानंतर एअरबस 320 सारख्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या ठरावीक विमानाचं वेगळं प्रशिक्षण, ते बहुधा मुलाच्याच खिशातून, आणखी 15-20 लाख. मोठ्या विमान कंपन्यांचे स्वतःचे प्रशिक्षणाचे कॅडेट प्रोग्रॅम आहेत, पण तिथला खर्च कोटीच्या आसपास जातो. मामा परदेशाचं सुचवत होते. तिकडून लायसन्स आणलं तरी इथं ते बदलून घ्यायला डीजीसीएचे पेपर द्यावेच लागतात, हे मामांना माहीत नव्हतं.

साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. दांडिया बाजारातल्या वडिलोपार्जित घराचा हिस्सा ठेवायचा, असं वडिलांच्या मनात होतं. मी कागदावर मांडून दाखवलं: 50 लाख, साडेदहा टक्के, 15 वर्षं, तर महिन्याचा हप्ता सुमारे 55 हजार. शिकतानाचं व्याज चढलं तर त्याहून जास्त. आणि लायसन्स हातात आल्याच्या दुसऱ्या दिवशी नोकरी मिळते असं नाही. विमान कंपन्यांची भरती एखाद्या वर्षी धो धो होते, एखाद्या वर्षी ठप्प. मधल्या काळात दर वर्षी मेडिकल करायचं, फक्त उपकरणांवर बघून उडवायच्या परवान्याचं, म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं, नूतनीकरण करायचं, म्हणजे घरी बसूनही खर्च चालूच.

इतका वेळ आई एक शब्द बोलली नव्हती. तिला विचारलं तर म्हणाली, “पैशाचं हे बघतील. मला झोप लागत नाही.” 12 जूनला अहमदाबादला विमान पडलं, त्याला महिनाही झाला नव्हता. बडोद्यातल्या कुठल्याच आईला तेव्हा हा विषय नको होता. विमानप्रवास किती सुरक्षित, याचे आकडे मी काढले नाहीत. अशा वेळी आकडे ऐकू येत नाहीत. तिला एवढंच म्हटलं की आज हो म्हणायचंच नाहीये. पहिली पायरी काही हजारांची आहे आणि प्रत्येक पायरीवर परत फिरता येतं. ती म्हणाली, “मग लिहून द्या.” मास्तरीणबाईच त्या. मी लिहून दिलं.

त्या कागदावर जे होतं तेच मी सगळ्यांना सांगते: स्वस्त ते आधी, महाग ते शेवटी. घरं नेमकं उलटं करतात. आधी लाखोंची फी भरतात आणि नंतर कळतं की मुलाला रंगांधत्व आहे.

म्हणून सगळ्यात आधी क्लास टू मेडिकल, म्हणजे सुरुवातीची वैद्यकीय तपासणी, डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे. डोळे, कान, ईसीजी, रक्त, एक्स-रे. या मुलाला चष्म्याची धास्ती होती. काचेनं नजर पूर्ण होत असेल तर नागरी विमानांना चष्मा सहसा आड येत नाही. आड येते रंगदृष्टी. रंगीत ठिपक्यांच्या पाटीत लपलेला आकडा ओळखायचा असतो. मुलगा नंतर सांगत होता, एका पाटीवर तो क्षणभर अडला तर बाहेर बसलेल्या बाबांना घाम फुटला. निघालं सगळं नीट. पुढं त्याहून कडक क्लास वन मेडिकल करावंच लागतं आणि ते ठरावीक केंद्रांतच होतं. माझं मत, मोठी रक्कम द्यायच्या आधी तेही उरकून घ्यावं.

दुसरी पायरी कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेसाठीची डीजीसीएची नोंदणी. काम कागदाचं, पण जीव खाणारं. बोर्डाकडून गुणपत्रिकेची पडताळणी लागते. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि एखाद्या कागदावर वडिलांच्या नावाला ‘भाई’ चिकटलेलं. मराठी घर असलं तरी बडोद्यात तो ‘भाई’ लागतोच! यांच्याकडेही तेच निघालं आणि ते निस्तरण्यात बरेच आठवडे गेले. बारावीत असतानाच सगळ्या कागदांवरचं नाव एकसारखं करून ठेवा.

मग पेपर. नॅव्हिगेशन (मार्ग काढणं), मेटिऑरॉलॉजी (हवामान), रेग्युलेशन्स (नियम), टेक्निकल जनरल, टेक्निकल स्पेसिफिक, शिवाय रेडिओवर बोलण्याची आरटीआर परीक्षा. पास व्हायला 70 टक्के. यांतले बहुतेक पेपर विमानात पाय न ठेवता घरी अभ्यास करून देता येतात, आणि खरा कस इथंच लागतो. आवड विमानाची आहे की गणवेशाची, ते नॅव्हिगेशनच्या पुस्तकासमोर महिनाभर बसवलं की समजतं. माझ्याकडे आलेली कितीतरी मुलं इथून आपणहून मागं फिरली आणि त्यांच्या घरचे लाखो रुपये वाचले.

आणि मग फ्लाइंग स्कूल. गुजरात फ्लाइंग क्लब आपल्या शहरातलाच, त्यामुळे त्याचं नाव इथल्या प्रत्येक बैठकीत निघतं. मेहसाण्याला स्कूल आहे, महाराष्ट्रात गोंदियाला आहे. घरापासून जवळ ही कसोटी लावू नका. 200 तास किती दिवसांत होतील, हे विचारा, आणि ऑफिसात नाही, तिथं शिकणाऱ्या मुलांना विचारा. विमानं किती, त्यांतली आज उडती किती, एका विमानामागे मुलं किती, इन्स्ट्रक्टर टिकतात का. प्रवासी विमानांची वर्दळ असलेल्या धावपट्टीवर शिकाऊ विमानाला थांबावं लागतं, पावसाळ्यात तास बुडतात, आणि वर्षाचा कोर्स दोन-अडीच वर्षं रखडतो. तेवढे महिने हॉस्टेल आणि खानावळ चालूच. डीजीसीए ऑक्टोबर 2025 पासून फ्लाइंग स्कूलांची श्रेणी जाहीर करतं. पहिल्या यादीत सगळ्यात वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था नव्हती. माहितीपत्रकावर मात्र प्रत्येक जण देशात पहिला असतो. पैसे तासांच्या हप्त्यानं द्या, आणि सोडायची वेळ आली तर किती परत मिळणार ते लेखी घ्या. यावर जिथं टाळाटाळ होते, तिथून चहासुद्धा न पिता उठावं.

स्वस्त रस्त्यांचंही बोलणं झालं. अनुसूचित जाती-जमाती आणि मागास वर्गांतल्या मुलांसाठी गुजरात सरकारची पायलट प्रशिक्षणाची कमी व्याजाची कर्जयोजना आहे. या घराला ती लागू नव्हती, पण ज्यांना लागू आहे त्यांनी संबंधित सरकारी कार्यालयात चौकशी केल्याशिवाय बँकेत जाऊ नये. फुरसतगंजला प्रवेशपरीक्षा आहे आणि केंद्राच्या नियमांप्रमाणे आरक्षणही. आणि खर्चच नाही असा रस्ता म्हणजे हवाई दलाचा. एनडीए साडेसोळा ते साडेएकोणीस वयात, किंवा पदवीनंतर एएफसीएटी, म्हणजे हवाई दलाची प्रवेशपरीक्षा, 20 ते 24 वयात. डीजीसीएचं चालू लायसन्स असेल तर 26 पर्यंत. फक्त तिथली पायलट अभियोग्यता चाचणी जन्मात एकदाच देता येते, आणि फुकट मिळतं म्हणून सैन्यात जाऊ नये. मुलगा यावर पहिल्यांदा आपणहून बोलला: “मला लढाऊ विमान नको. मला लोकांना न्यायचंय.” आईनं त्याच्याकडे वळून बघितलं.

शनिवारी 50 हजार भरले गेले नाहीत. मुलानं एमएसयूत फिजिक्स घेतलं. मेडिकल झालं. मेटिऑरॉलॉजी आणि रेग्युलेशन्स निघाले, नॅव्हिगेशन 64 वर अडकलं. वडिलांचा फोन आला, क्लास लावू का? म्हटलं, आधी कुठले गुण गेले ते बघा. गणितात गेले असतील तर लावा, वाचनात गेले असतील तर पैसे ठेवा. गणितात गेले होते, तेव्हा एक ऑनलाइन क्लास लावलाय. फुरसतगंजची परीक्षाही तो देणार आहे. दांडिया बाजारचे कागद अजून कपाटातच आहेत. दिवाळीच्या सुट्टीत तिघं मेहसाणा आणि गोंदिया बघून येणार आहेत, आईच्याच आग्रहानं. चेकबुक घरी ठेवून जा, एवढं मी बजावलंय.