शहाजिरे परसबागेत: लावा, पण पानांसाठी

बार्शी तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे : "किराणा दुकानातून आणलेलं शहाजिरं जूनमध्ये दोन कुंड्यांत पेरलं. एकीत काहीच उगवलं नाही. दुसरीत चार-पाच रोपं आली, ती पावसात बुडाशी सडून आडवी झाली. काय चुकलं?" मंगळवेढ्याच्या एका शेतकरी बंधूंना तर हेच अर्धा एकर करायचं आहे. आधी ताईंचं बघू.

ताई, महिना चुकला हे खरं, पण त्याआधी बी कशाचं होतं ते पाहायला हवं. आपल्याकडे शहाजिरे या एका नावाखाली दोन वेगळ्या वनस्पतींचं बी विकलं जातं. एक हिमालयातलं: किन्नौर, लाहौल, काश्मीरकडचं. त्याचा दाणा बारीक, काळपट. जमिनीत त्याला छोटा कंद धरतो आणि बियांपासून फुलावर यायला तीन-चार वर्षं लागतात. बर्फाची थंडी खाल्ल्याशिवाय हे बी नीट उगवतही नाही. तुमची पहिली कुंडी रिकामी राहिली, तिथे बहुधा हेच असणार. दुसरं युरोपातलं शहाजिरं. त्याचा दाणा कोयत्यासारखा वाकडा, तपकिरी, अंगावर फिकट रेघा. घरी करून पाहण्याजोगं हेच. (काही दुकानांत 'काळं जिरं' मागितलं की कलौंजी हातात पडते. ते तर तिसरंच.)

किराण्यातला दाणा किती जुना आहे हे कुणालाच माहीत नसतं. कोथिंबीर-शेपूच्या कुळातल्या बियांची उगवणशक्ती वर्ष-दोन वर्षांत झपाट्याने उतरते. म्हणून वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा आणि फडकं वाळू देऊ नका. या बियाला उगवायलाच दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत फेकून देऊ नका. निम्म्यांना तरी मोड आले तर पेरा, नाहीतर ते मसाल्याच्या डब्यात बरे.

पेरणी कोजागरी ते दिवाळी या काळात करा. आपल्याकडे रब्बी ज्वारी उगवून वर आलेली असते, तोच याचा हंगाम. याचं मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं. त्यामुळे रोप उपटून दुसरीकडे लावलं की ते रुसतं. जिथे वाढवायचं तिथेच पेरा आणि कुंडी निदान फूटभर खोल घ्या. नुसती काळी माती भरू नका. ओली असताना ती पाणी धरून ठेवते, वाळली की भेगाळते, आणि दोन्ही वेळा मार मुळालाच बसतो. दोन भाग पोयटा, एक भाग जुनं शेणखत, एक भाग वाळू असं मिश्रण करा. कुंडीच्या बुडाचं भोक मोकळं हवं. बी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल नको. रोपं चार पानांची झाली की विरळणी करून दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. उपटलेली कोवळी रोपं वरणात टाका.

पाण्याचं म्हणाल तर आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. कुंडीच्या काठावर पांढरी बुरशी आली असं बरेच जण सांगतात, ती बुरशी नसते, क्षार असतात. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी द्या. मावा आला तर पाण्याचा जोराचा फवारा मारा, तेवढ्याने न हटला तर ५ टक्के निंबोळी अर्क. पानं खायची असल्याने रासायनिक औषध टाळाच. ढालकिडे (ठिपक्यांचे लेडीबर्ड भुंगे) दिसले तर निंबोळी अर्कही फवारू नका, हे किडे मावा खातात.

संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरेपर्यंत पानं काढायला येतात. त्यांचा वास शेपू आणि कोथिंबिरीच्या मधला. धपाट्याच्या पिठात चिरून घाला, पिठल्यावर भुरभुरा. बाहेरची पानं खुडा, मधला कोंब राहू द्या.

आता दाण्याचं. युरोपातल्या शहाजिऱ्याचे बहुतेक वाण द्विवर्षायू आहेत. पहिल्या वर्षी नुसता पानांचा झुबका, मग मूळ पेन्सिलीएवढं जाड झाल्यावर काही आठवडे कडक थंडी लागते, तेव्हा कुठे दुसऱ्या वर्षी छत्रीसारखा पांढरा फुलोरा. फिनलंड, नेदरलँड्ससारख्या थंड मुलखात ते शेतात पिकतं ते याचमुळे. सोलापुरात पारा एखाद्या रात्री दहा-बारावर उतरतो, पण तशी थंडी सलग टिकत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये तो चाळिशी ओलांडतो. एकाने बी आधी फ्रिजमध्ये ठेवू का, असं विचारलं होतं. उपयोग नाही, थंडी वाढलेल्या रोपाला लागते, दाण्याला नाही. वार्षिक वाणाचं बी मिळालं तर फुलण्याची थोडी आशा असते, तरी दाणा भरेल अशी खात्री मी देणार नाही. माझ्या गच्चीवरच्या झुबक्यांनी होळीनंतर माना टाकल्या. हिरवी जाळी बांधूनही.

मंगळवेढ्याच्या दादांना म्हणूनच स्पष्ट सांगतो: अर्धा एकर नको. मसाल्याचंच काही घ्यायचं असेल तर ओव्याचा विचार करा, तो काळ्या जमिनीत कमी पाण्यावर येतो. तेही आधी दोन-चार गुंठ्यांवर, आणि विकायचा कुणाला हे ठरवूनच.

ताईंना मात्र शहाजिऱ्याचा वासच हवा असेल तर एक सोपी वाट आहे. युरोपातल्या शहाजिऱ्याच्या दाण्याला जो वास येतो तो मुख्यतः कार्व्होन या द्रव्याचा, आणि तेच द्रव्य शेपूच्या बियांत असतं. शेपूचं बी म्हणजे आपला बाळंतशेपा. तेव्हा दिवाळीच्या सुमारास शेपूचा एक वाफा टाका, भाजीला अर्धा काढा, अर्धा फुलू द्या. झुपके तपकिरी झाले की सकाळी दव असतानाच कापा, उन्हात कापाल तर दाणे गळतात. कापडी पिशवीत उलटे टांगून सावलीत वाळवा. चव शहाजिऱ्यापेक्षा थोडी उग्र लागते, म्हणून काळ्या मसाल्यात घालताना आधी निम्म्याच मापाने घाला आणि तेलात मंद आचेवर परता. करपलं की कडू होतं, मग सगळा मसाला वाया.