युद्ध लागलं तर कोळसा किती दिवस पुरेल?

प्रश्न : युद्धात रेल्वे अडकली तर वीज किती दिवस टिकेल? वर्षभराचा कोळसा भरून का ठेवत नाहीत? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : खाणीपासून लांब असलेल्या परळीसारख्या कोळशाच्या वीज केंद्रांनी हंगामानुसार २० ते २६ दिवसांचा साठा ठेवायचा असा नियम आहे, पण ऑक्टोबर २०२१ मध्ये युद्धबिद्ध नसतानाही कितीतरी केंद्रांत चार दिवसांचासुद्धा उरला नव्हता, हे फार काळजीचं आहे. वर्षभराचा ढीग मात्र नकोच, कोळसा हवेने आतून तापतो नि आपोआप पेटतो, म्हणून तर बुलडोझरने थर दाबून बसवतात, जुना माल आधी जाळतात. साठ्याइतकीच माणसंही जपायला हवीत. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात खाणकामगार सैन्यात जाऊ दिले, मग खाणीत माणसं कमी पडली आणि डिसेंबर १९४३ पासून सैन्यभरतीच्या पोरांमधून चिठ्ठ्या काढायची वेळ आली, नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा चिठ्ठीशी जुळला की तो पोरगा सैन्याऐवजी थेट खाणीत.