पुराची जबाबदारी कोणाची? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (चिपळूण बाजारपेठ): शिव नदीतला गाळ काढा म्हटलं की नगरपरिषद पाटबंधाऱ्याकडे पाठवते, पाटबंधारेवाले परत नगरपरिषदेकडे. नक्की काम कोणाचं?

उत्तर: दोघांचंही थोडं थोडं, आणि घोळ तिथेच होतो. गटारं, शहरातले नाले, पावसाळ्याआधीची सफाई नगरपरिषदेची. वाशिष्ठीचं पात्र, पूररेषा, धरणातून पाणी सोडण्याची खबर जलसंपदाकडे, ज्याला आपण अजून पाटबंधारेच म्हणतो. पण शिव जिला मिळते ती वाशिष्ठी फुगली आणि त्यात दाभोळ खाडीला भरती असली की शिवचं पाणी पुढे सरकतच नाही, मागे बाजारात घुसतं, मग दारातलं गटार कितीही साफ असू दे. वर कोयनेची वीज तयार झाली की ते पाणी कोळकेवाडी धरणातून वाशिष्ठीतच येतं, म्हणजे वीजनिर्मितीवालेही यात आले. २२ जुलै २०२१चा पूर चिपळूणकरांना मी काय सांगायचा!

म्हणून २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जिल्हा प्राधिकरण आहे, जिल्हाधिकारी अध्यक्ष, जिल्हा परिषद अध्यक्ष सहअध्यक्ष. सगळ्या खात्यांना एकत्र बसवून कामाला लावायचा अधिकार त्यांचा. तेव्हा वेगवेगळे अर्ज करू नका, एकच अर्ज नगरपरिषद, जलसंपदा आणि जिल्हाधिकारी या तिघांच्या नावाने द्या, आवकचा शिक्का घ्या, आणि हे मार्च-एप्रिलमध्येच करा, जूनमध्ये पात्रात पोकलेन उतरत नाही.

प्रश्न (राजापूर तालुका, ग्रामपंचायत सदस्य): रस्त्याची मोरी तुंबते आणि पाणी वाडीत शिरतं. ग्रामपंचायतीने काय करायचं?

उत्तर: आधी रस्ता कोणाचा ते बघा. महामार्ग असेल तर महामार्गवाले, राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम, गावचा असेल तर बहुतेक जिल्हा परिषद. मोरीच्या तोंडाशी झावळ्या, फांद्या, प्लॅस्टिक अडकलेलं असतं त्याचा फोटो काढा, जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा लिहा, ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्या उपअभियंत्याला पाठवा. ठराव असला की पत्र सहजासहजी बाजूला ठेवता येत नाही, हे मी पाहिलंय. वाडीतले वहाळ, म्हणजे ओढे, मात्र ग्रामपंचायतीने मेमध्येच मोकळे करायचे.

प्रश्न (महाड): सावित्रीच्या जवळ प्लॉट घेतोय, एजंट म्हणतो एनए (बिगरशेती) आहे, काळजी नको.

उत्तर: एनए झालं म्हणजे पुरापासून सुटका झाली असं अजिबात नाही हो! जलसंपदाचा पूररेषेचा नकाशा मागा. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, घर बांधायचं मनातही आणू नका. लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची, तिच्या आत बांधायचं तर अटी असतात. रेषा आखते जलसंपदा, पण बांधकाम परवानगी देते नगरपरिषद, त्यामुळे दोन्हीकडे विचारा. आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा २००५च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं.

प्रश्न (खेड): जगबुडीचं पाणी दुकानात शिरलं तर पंचनामा कोण करतं?

उत्तर: महसूल, म्हणजे तलाठी. चिखल काढायच्या आधी भिंतीवरची पाण्याची खूण आणि मालाचे फोटो घ्या, विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा, आणि पंचनाम्यावर सही करण्याआधी यादी पूर्ण वाचा.