घरखर्चातील कूपने आणि पॉइंट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे किराणा खरेदीवरील सवलतींविषयी होती. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणांतील भाव हिशेब समजण्यापुरते घेतले आहेत.

प्रश्न : घराजवळच्या एका मोठ्या दुकानाचे सभासदत्व आम्ही घेतले आहे. प्रत्येक बिलाखाली ‘आज आपली ८४२ रुपयांची बचत झाली’ अशा प्रकारची ओळ छापून येते आणि खात्यात पॉइंटही जमा होतात. तरीही महिनाअखेर किराण्याचा खर्च पूर्वीपेक्षा वाढलेलाच दिसतो. मग ही बचत जाते कोठे?
— एक गृहिणी, कल्याण

उत्तर : बिलाखालची ती रक्कम म्हणजे वेष्टनावर छापलेली कमाल किरकोळ किंमत, अर्थात एमआरपी, आणि दुकानाने प्रत्यक्ष लावलेली किंमत यांच्यातील फरक होय. एमआरपी ही सर्व करांसह विक्रीची वरची मर्यादा आहे. तिच्याहून जास्त कोणालाही घेता येत नाही, कमी मात्र कोणीही घेऊ शकतो, आणि गल्लीतला वाणीसुद्धा नेहमीच्या गिऱ्हाइकाला कित्येक वस्तू छापील किमतीपेक्षा दोन-चार रुपये कमीनेच देत असतो. म्हणून तीच वस्तू आपल्याला दुसरीकडे ज्या भावाने मिळाली असती, त्या भावापासून बचत मोजावी. तशी मोजली की ८४२ चा आकडा बराच खाली येतो. त्यातून, यादीत नसलेली दीडशे रुपयांची वस्तू केवळ सवलत दिसली म्हणून घेतली असेल, तर तिच्यावर ‘वाचलेले’ चाळीस रुपये विसरून दिलेले दीडशे रुपये खर्चात धरावे लागतात. आपला खर्च वाढण्याचे कारण बहुधा येथेच सापडेल. एका महिन्याची सगळी बिले समोर ठेवून यादीबाहेरच्या वस्तूंवर खूण करून पाहावी.

पॉइंटांचा हिशेब तर याहूनही सोपा आहे. दर १०० रुपयांना एक पॉइंट आणि एका पॉइंटची किंमत २५ पैसे, अशी योजना असेल तर महिन्याच्या ६,००० रुपयांच्या किराण्यावर ६० पॉइंट, म्हणजे १५ रुपये मिळतात. हे पाव टक्का झाले. मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचे किमान भाडेच फेब्रुवारी २०२५ मध्ये २६ रुपये झाले. तेव्हा पॉइंटांसाठी लांबच्या दुकानात रिक्षाने जाणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. योजनेचे पत्रक हाती आले की तीन गोष्टी आधी शोधाव्यात : एका पॉइंटचे रुपये किती, किमान किती पॉइंट साठल्यावर ते वापरता येतात, आणि ते किती दिवसांनी बाद होतात. ज्या दुकानात आपण एरवीही जातोच, तेथले पॉइंट जरूर घ्यावेत. त्यांच्यासाठी दुकान मात्र बदलू नये.

खरी बचत ज्या आकड्यात असते तो वेष्टनावर एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरांत छापलेला असतो आणि त्याच्याकडे फारच थोड्या जणांचे लक्ष जाते. वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजनमापांच्या कायद्याच्या, आवेष्टित (पाकीटबंद) वस्तूविषयक नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार उत्पादकाला प्रत्येक एककाची विक्री किंमत छापावी लागते : माल एक किलोपेक्षा कमी असेल तर प्रति ग्रॅम, जास्त असेल तर प्रति किलो, द्रव पदार्थांसाठी याच धर्तीवर मिलिलिटर आणि लिटर. मोठे पाकीट नेहमी स्वस्तच पडते, हा आपल्याकडचा पक्का समज या एका आकड्याने तपासता येतो, आणि तो दरवेळी खरा ठरतोच असे नाही. कारण सवलतीची योजना पुष्कळदा मधल्या आकाराच्या पाकिटावरच असते.

हा आकडा वाचताना दोन ठिकाणी सावध राहावे लागते. लहान पाकिटावरचा दर ग्रॅमचा आणि मोठ्यावरचा किलोचा असल्याने ग्रॅमच्या दराला हजाराने गुणल्याशिवाय तुलना होत नाही. दुसरे असे की हा दर दशांशानंतर दोन स्थळांपर्यंतच छापतात. समजा, कपडे धुण्याच्या पावडरीचे ५०० ग्रॅमचे पाकीट ६२ रुपयांना आहे. त्याचा खरा दर ग्रॅमला ०.१२४ रुपये, पण छापला जाईल ०.१२. शेजारी २ किलोचे पाकीट २३८ रुपयांना असेल तर त्यावर किलोला ११९ रुपये हा दर दिसेल. छापील आकड्यांवरून १२० आणि ११९ असा एक रुपयाचाच फरक वाटतो. प्रत्यक्षात तो १२४ आणि ११९ असा पाच रुपयांचा आहे. शिवाय छापील दर एमआरपीवरून काढलेला असतो, दुकानाने दिलेली सूट त्यात धरलेली नसते. म्हणून दुकानात फोनवरच्या गणकयंत्राने बिलाची किंमत भागिले वजन हा भागाकार स्वतः करणे उत्तम. घरात नेहमी लागणाऱ्या पंधरा-वीस वस्तूंचे, म्हणजे तूरडाळ, तेल, साखर, चहा, साबण वगैरेंचे, किलोचे किंवा लिटरचे भाव एका वहीत लिहून ठेवले, तर दोन-तीन महिन्यांत आपल्याला प्रत्येक वस्तूचा चांगला भाव तोंडपाठ होतो. त्यानंतर ‘महाबचत’ असा फलक लावलेल्या मांडणीपुढे उभे राहून गोंधळण्याचे कारण उरत नाही.

प्रश्न : पॉइंटांसाठी किंवा कूपनासाठी म्हणून दुकानात बिल करताना मोबाइल क्रमांक मागतात. तो देणे सक्तीचे आहे काय?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : नाही. ग्राहकाचा मोबाइल क्रमांक मिळाल्याशिवाय बिल देणार नाही अशी अडवणूक दुकानांनी करू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना कळवले आहे. पॉइंट हवे असतील तर खाते ओळखण्यासाठी क्रमांक द्यावा लागतो, हे उघड आहे. पण ती आपली निवड असते आणि ‘मला पॉइंट नकोत, फक्त बिल द्या’ असे सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

आपल्या वयाच्या वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ‘आपले हजारो पॉइंट आज रात्री बाद होत आहेत, पुढील दुव्यावर जाऊन रोख रक्कम मिळवा’ असे संदेश बँकेच्या किंवा दुकानाच्या नावाने येतात आणि त्या दुव्यावर कार्डाचा तपशील व ओटीपी मागितला जातो. पॉइंट तपासायचेच असतील तर ते दुकानाच्या काउंटरवर किंवा बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपवर तपासावेत, संदेशातला दुवा कधीही उघडू नये. पैसे गेलेच तर संकोच न करता लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. तेथे वेळेला फार किंमत असते.

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण भाड्याच्या घरात राहतो आणि बहुतेक सामान अ‍ॅपवरून मागवतो. ‘२० टक्के सवलत’ असे कूपन लावूनही बिल फारसे कमी होत नाही. असे का होते?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कूपनाखालच्या अटी वाचल्या की उलगडा होतो. ‘२० टक्के सवलत, कमाल ७५ रुपये, किमान खरेदी ४९९ रुपये’ अशी अट असेल, तर ती सवलत प्रत्यक्षात कधीच वीस टक्के पडत नाही. ४९९ रुपयांच्या खरेदीवर ती १५ टक्के असते, तर १,५०० रुपयांच्या खरेदीवर अवघी ५ टक्के. म्हणून असे कूपन किमान रकमेच्या जितके जवळ वापरावे तितके लाभदायक.

किमान रक्कम गाठण्यासाठी वस्तू वाढवावी की नाही, याचेही सरसकट उत्तर देता येत नाही. आपल्याला ३८० रुपयांचे सामान हवे आहे आणि त्यावर २५ रुपये घरपोच शुल्क पडते, असे धरू. त्याचे ४०५ होतात. त्यात ११९ रुपयांची चहा पावडर घालून ४९९ केले, कूपनाचे ७५ वजा झाले आणि शुल्कही माफ झाले, तर ४२४ द्यावे लागतात. म्हणजे चहा १९ रुपयांत पडला. चहा लागणारच असेल तर हा व्यवहार उत्तम आहे. तेथे चहाऐवजी घरात कोणीच खात नाही असे बिस्किटांचे पुडे घेतले तर १९ रुपये वाया गेले, एवढेच.

हाताळणी शुल्क, गर्दीच्या वेळेचे शुल्क, न मागता टोपलीत आलेली देणगी किंवा सभासदत्व, या ओळी शेवटच्या पडद्यावर नीट पाहाव्यात. ग्राहकाची अशी दिशाभूल करणारे १३ प्रकार केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केलेले आहेत. ग्राहकाच्या संमतीविना टोपलीत वस्तू घालणे, खोटी घाई दाखवणे आणि सुरुवातीला न सांगितलेले शुल्क शेवटी जोडणे हे तिन्ही प्रकार त्यांत येतात.

प्रश्न : जास्त पॉइंट मिळतात म्हणून किराणा क्रेडिट कार्डावर घ्यावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दर महिन्याचे संपूर्ण देणे मुदतीत फेडत असाल तर घ्यावा. एखाद्या महिन्यात ६,००० रुपये थकले आणि व्याजाचा दर महिना साडेतीन टक्के असला, तर २१० रुपये व्याज लागते, शिवाय त्यावरचा जीएसटी वेगळा. आणि देणे थकीत असताना केलेल्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. वर्षभराचे पॉइंट त्यात जातात.

प्रश्न : सवलतींच्या मागे न लागता किराणा स्वस्त मिळण्याचा काही मार्ग आहे का?
— एक गृहिणी, ठाणे

उत्तर : आहे, आणि तो आपल्याकडे चांगला रुजलेला आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून सामूहिक खरेदी करते. शेजारपाजारची कुटुंबे मिळून एक संघ करतात, महिन्याची मागणी आगाऊ नोंदवतात, आणि एकत्र आलेला माल सभासद आपसांत वाटून घेतात. यात कूपन नाही, जाहिरात नाही आणि मांडणीवरचा मोहही नाही, कारण मागणी घरी बसून, डबे पाहून लिहिलेली असते. आमच्या मते घरखर्चाला याहून हितकर शिस्त दुसरी नाही. वाटपासाठी महिन्यातून काही वेळ मात्र प्रत्येकाला द्यावा लागतो. आपल्या भागात असा संघ नसेल तर सोसायटीतल्या चार घरांनी मिळून उन्हाळ्यात गहू, तांदूळ आणि डाळ घाऊक बाजारातून आणण्यापासून सुरुवात करता येईल; जागा असेल आणि धान्य नीट वाळवून ठेवण्याची तयारी असेल तर वर्षाचे धान्य भरण्याची जुनी पद्धत आजही परवडते.

प्रश्न : ‘एकावर एक मोफत’ योजनेत घेतलेल्या तेलाच्या दोन पिशव्यांपैकी एक गळकी निघाली. योजनेतला माल परत घेत नाही, असे दुकानदार सांगतात. हे योग्य आहे काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : योग्य नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घेण्यास आणि त्याचे पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत हा हक्क बजावता येतो. ‘मोफत’ वस्तूची किंमत पूर्णतः किंवा अंशतः दुसऱ्या वस्तूच्या किमतीत वसूल केली जात असताना ती मोफत असल्याचे भासवणे हेही त्याच कायद्याने अनुचित ठरवले आहे. गळक्या पिशवीचे छायाचित्र काढून ठेवावे, बिल जपावे आणि दुकानाला लेखी कळवावे. उत्तर न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे मराठीतूनही बोलता येते. तेवढ्याने न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीसाठी तेथे शुल्क लागत नाही.