सुटं धान्य, सुकामेवा आणि कॉफी: कशाची खरेदी किती करावी

तुम्ही लिहिलंय की घरात दोघंच आहात, सकाळी एकेक कप कॉफी होते, आणि आता किराणा दुकानातल्या सुट्या मालाच्या विभागातून धान्य, सुकामेवा आणि कॉफीचे दाणे घ्यायचा विचार आहे. भाव कमी पडतो म्हणून कॉफी एकदम दोन किलो घ्यावी का, ती दुकानातल्या यंत्रावरच दळून आणावी का आणि घरी फ्रीजमध्ये ठेवावी का, असे तुमचे प्रश्न आहेत.

आधी सरळ उत्तर देते. पांढरा तांदूळ, डाळी, कडधान्यं, साखर, मीठ बिनधास्त जास्त घ्या. सुकामेवा, तेलबिया आणि पिठं बेतानं घ्या. कॉफी दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढीच घ्या आणि शक्य असेल तर दुकानात दळू नका. आता प्रत्येकाची कारणं, कारण ती कळली की कुठल्याही दुकानात तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

सुट्या मालाकडे बघताना बहुतेकांची नजर भावाच्या पाटीवर जाते. माझी आधी खपावर जाते. ज्या पेटीतला माल आठवड्याला संपतो आणि नव्यानं भरला जातो, तिथला माल ताजा असणार. जी पेटी महिनोन्‌महिने अर्धी भरलेलीच दिसते, तिथे भाव कितीही उतरलेला असो, मी थांबत नाही. पाकिटावर निदान तारीख असते. सुट्या मालाची तारीख म्हणजे त्याचा खप, आणि तो तुम्हालाच ओळखावा लागतो. त्यासाठी काही दिवस त्याच दुकानात लक्ष ठेवून जा, किंवा तिथल्या माणसाला दोन गोष्टी सरळ विचारा: माल कुठल्या दिवशी येतो, आणि नवा भरण्याआधी पेटी रिकामी करून पुसता का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार काही सांगून जातं.

पेट्या साधारण दोन प्रकारच्या असतात. एकात वरून माल भरतात आणि खालचा खटका दाबला की तो पिशवीत पडतो. यात आधी आलेला माल आधी बाहेर जातो आणि कुणाचा हातही लागत नाही. दुसरी झाकणाची पेटी, जिच्यात पळा असतो. इथे नवा माल जुन्यावर ओतला तर तळाचा थर कित्येक महिने तसाच राहतो. अशा पेटीच्या तळाशी भुगा, तुटके दाणे आणि कोंडा दिसला तर तिथून पुढे सरका. आणखी एक बारकावा: वेगवेगळ्या आकाराचे घटक एकत्र केलेल्या मिश्रणात हलवाहलवीनं बारीक दाणे खाली बसतात आणि मोठे वर येतात. ओट्स, बिया आणि मनुका यांचं मिश्रण घेताना वरवरचं न घेता पळा खोलवर घालून घ्या, नाहीतर पिशवीत एकच प्रकार जास्त येतो.

आता कुठला जिन्नस किती टिकतो ते. यात मुख्य शत्रू तेल आणि हवा यांची गाठ पडणं. पांढऱ्या तांदळाचा कोंडा काढलेला असतो, तेल जवळजवळ नसतंच, म्हणून कोरड्या हवाबंद डब्यात तो वर्षानुवर्षं राहतो. ब्राउन राइसच्या कोंड्यात तेल आणि ते तोडणारी विकरं दोन्ही असतात, त्यामुळे तो साध्या कपाटात सहाएक महिन्यांत खवट होऊ लागतो. धान्य अख्खं असताना चांगलं राहतं, त्याचं सगळ्या कोंड्यासकट पीठ केलं की आतलं तेल हवेला उघडं पडतं आणि घड्याळ सुरू होतं. जवसाचंही तसंच: अख्खी जवस बराच काळ टिकते, तिची पूड लवकर बिघडते. मसाले अख्खेच घ्या. सुटी मसाल्याची पूड मी कधीच सुचवत नाही, कारण सतत उघडझाप होणाऱ्या पेटीत तिचा वास उडून गेलेला असतो आणि त्यात काय मिसळलंय हेही डोळ्यांना कळत नाही.

सुकामेव्यात अक्रोडाकडे विशेष लक्ष द्या. १०० ग्रॅम अक्रोडात सुमारे ६५ ग्रॅम स्निग्धांश असतो आणि त्यातला मोठा भाग अशा प्रकारचा की हवेशी त्याची प्रक्रिया झपाट्यानं होते. बदामातलं तेल त्या मानानं स्थिर, म्हणून बदाम जास्त टिकतात. अख्ख्यापेक्षा तुकडे लवकर बिघडतात आणि कच्च्यापेक्षा भाजलेले लवकर. दुकानात चव बघू देत असतील तर एक दाणा मागून खा. खवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला, गिळल्यानंतर जाणवतो. जुन्या तेलरंगासारखा वास आला तर घेऊ नका. घरी आणल्यावर सुकामेवा फ्रीजमध्ये किंवा फ्रीजरमध्ये ठेवा, तो फार चांगला राहतो.

शेंगदाण्याबद्दल मला जरा ठासून सांगायचंय. सुरकुतलेला, काळपट किंवा बुरशी दिसणारा शेंगदाणा भाजून खाऊ नका. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले, आणि शोध घेता घेता कारण सापडलं ते त्यांच्या खाद्यातल्या बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीत. त्या बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. घरातल्या भाजण्या-शिजवण्यानं ते पुरतं नष्ट होत नाही. दमट जागेतली, कुबट वास मारणारी शेंगदाण्याची पेटी दिसली तर दुकानदाराला सांगा आणि दुसरीकडून घ्या. इथे काटकसर करू नका.

कडधान्यं वर्ष-दोन वर्षं सहज राहतात, पण उष्ण आणि दमट जागी पडून राहिलेली कडधान्यं कितीही भिजवली तरी नीट शिजत नाहीत. रंग उतरलेले, चकाकी गेलेले, साल सुटलेले दाणे ओळखायला शिका. आणि घरात जुना डबा अर्धा शिल्लक असताना नवा माल त्यातच ओतू नका. जुने आणि नवे दाणे वेगवेगळ्या वेळात शिजतात, अर्धे मोडतात आणि अर्धे टणक राहतात.

किडीबद्दल लोक फार घाबरतात, पण उपाय सोपा आहे. सोंडकिडा तांदळाच्या किंवा गव्हाच्या दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो आणि भोक बुजवून टाकतो. अळी दाण्याच्या पोटातच वाढते, म्हणून स्वच्छ दिसणाऱ्या धान्यातून उबदार हवेत महिन्याभरानं किडे निघतात. पतंगाची अळी जाळी करते. पेटीच्या कोपऱ्यात बारीक जाळी दिसली की शेजारच्या पेट्यांवरही विश्वास ठेवू नका. घरी आणलेलं धान्य उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये चार दिवस ते आठवडाभर ठेवलं की अंडी आणि अळ्या मरतात. मग पिशवी न उघडता ती बाहेरच्या तापमानाला येऊ द्या आणि त्यानंतरच डब्यात भरा, म्हणजे धान्याला पाणी सुटणार नाही.

स्वतःचा डबा नेणार असाल तर माल भरण्याआधी रिकाम्या डब्याचं वजन करून घ्या आणि ते त्यावर लिहा. काचेची मोठी रिकामी बरणीच वजनाला अर्धा किलोच्या आसपास भरू शकते. ते वजन वजा झालं नाही तर तुम्ही काच कॉफीच्या भावानं विकत घेता. पावतीवर निव्वळ वजन तिथेच तपासा. सुटं नेहमी स्वस्त पडतं हेही गृहीत धरू नका: किलोमागचा भाव काढून शेजारच्या पाकिटाशी ताडून पाहा, काही वेळा पाकीटच स्वस्त निघतं. घरी आल्यावर डब्यावर नाव, आणल्याची तारीख आणि दुकान लिहा. उद्या एखाद्या मालात दोष निघून तो परत मागवला गेला तर सुट्या मालावर दुसरी कुठलीच खूण नसते.

घरात किंवा येणाऱ्या पाहुण्यांत कुणाला शेंगदाणा, सुकामेवा, तीळ यांची ॲलर्जी असेल किंवा ग्लुटेन चालत नसेल, तर सुटा माल घेऊच नका. एका पेटीतला पळा दुसरीत जातो, आणि ते थांबवणं कुणाच्याही हातात नसतं.

आता कॉफी. इथे धान्याचा हिशेब पूर्ण बाजूला ठेवा. भाजलेली कॉफी हा ताज्या पावासारखा जिन्नस आहे. भाजताना दाण्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि पुढचे कित्येक दिवस तो हळूहळू बाहेर पडत राहतो. त्याच्याबरोबर सुगंधही निघून जातो आणि प्राणवायू आत शिरतो. भाजल्यापासून काही दिवसांनी ते काही आठवड्यांपर्यंत दाणे सर्वात छान लागतात. म्हणूनच चांगल्या पाकिटांना एकदिशा झडप असते: आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. सुट्या कॉफीच्या पारदर्शक पेटीत मात्र उजेड आणि हवा दोन्ही मनसोक्त मिळतात. पेटी दिसायला सुंदर, कॉफीला वाईट. त्यामुळे सुटी कॉफी फक्त तिथेच घ्या जिथे भाजल्याची तारीख लिहिलेली असते किंवा विचारल्यावर ठामपणे सांगतात. ‘कधीपर्यंत वापरा’ ही तारीख इथे उपयोगाची नाही, भाजल्याची तारीख हवी.

तारीख मिळाली नाही तर डोळे आणि नाक वापरा. गडद भाजलेल्या दाण्यांवर तेल दिसणं साहजिक आहे. मध्यम भाजलेल्या दाण्यांवर तेल आलं असेल तर ते बहुधा जुने आहेत. पेटीच्या आतल्या बाजूला पिवळट-तपकिरी चिकट थर असेल तर तिथे जुनं तेल खवट होत बसलंय, आणि नवे दाणेही त्यालाच घासून खाली येतात. गडद कॉफी मुळातच लवकर बिघडते, कारण दाणा ठिसूळ आणि सच्छिद्र झालेला असतो. घरी आणल्यावर खात्री करायची असेल तर ताज्या दळलेल्या पुडीवर थोडं गरम पाणी ओता. ताजी कॉफी फुगून वर येते, बुडबुडे येतात. शिळी नुसती भिजते.

पेटीत कॉफीची कुठली जात आहे हेही बघता येतं. अरेबिकाचा दाणा लांबट आणि त्याची मधली रेघ नागमोडी, रोबस्टाचा गोलसर आणि रेघ बरीचशी सरळ. रोबस्टात कॅफीन साधारण दुप्पट असतं, तेव्हा ‘मिश्र’ लिहिलेल्या पेटीतून घेण्याआधी मूठभर दाणे निरखून पाहा. मोजतानाही पळ्यावर जाऊ नका, वजनावर जा. भाजताना दाण्याचं १२ ते २० टक्के वजन घटतं आणि दाणा फुगतो. गडद कॉफी जास्त हलकी, म्हणून एका पळ्यात कमी वजनाची कॉफी येते.

तुमच्या घरचा हिशेब असा: लिटरभर पाण्याला ६० ग्रॅम धरले तर पाव लिटरच्या एका कपाला १५ ग्रॅम, दोघांना रोज ३० ग्रॅम. पाव किलो आठ दिवसांना पुरेल, अर्धा किलो सोळा दिवसांना. दोन किलो म्हणजे दोन महिन्यांहून जास्त, आणि त्यातला उत्तरार्ध तुम्ही रंगीत कडू पाणी पीत काढाल. अर्धा किलो घ्या. भावातला जो फरक दिसतो तो चवीत गमावू नका.

दुकानात दळण्याबद्दल. दाणा फुटला की हवेला लागणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि सुगंधाचा मोठा भाग लगेच उडून जातो. दुसरी अडचण यंत्राची. आधीच्या गिऱ्हाइकाची कॉफी त्यात उरलेली असते, आणि तिला व्हॅनिलाचा किंवा हेझलनटचा स्वाद लावलेला असेल तर तो तुमच्या कॉफीत येतोच. हातानं फिरवायचं, दोन दातेरी चकत्यांमध्ये दाणे चिरडणारं साधं ग्राइंडर घ्या. पात्यांच्या मिक्सरमध्ये काही दाणे पीठ होतात आणि काही तसेच राहतात, चव दोन्ही बाजूंनी बिघडते. घरी सोय होईपर्यंत दुकानात दळावंच लागलं तर स्वाद लावलेल्या कॉफीसाठी वेगळं यंत्र आहे का ते विचारा, आपले मूठभर दाणे आधी घालून ती पूड टाकून द्या, आणि आठवड्यापुरतंच दळा. जाडी तुमच्या भांड्याप्रमाणे सांगा: फ्रेंच प्रेसला जाड, फिल्टर पेपरला मध्यम, एस्प्रेसोला बारीक.

राहिला फ्रीजचा प्रश्न. रोज उघडझाप होणाऱ्या फ्रीजमध्ये कॉफी ठेवू नका, तिला ओल आणि इतर पदार्थांचे वास लागतात. रोजची कॉफी अपारदर्शक हवाबंद डब्यात, शेगडीपासून लांब, कपाटात ठेवा. कधी खरोखरच चांगली, नुकतीच भाजलेली कॉफी मिळाली आणि जास्त घ्यावीशी वाटली, तर फ्रीजर उपयोगी आहे. आठवड्याला पुरतील अशा छोट्या पिशव्या करा, हवा दाबून काढा, घट्ट बंद करा आणि आणलेल्या दिवशीच आत ठेवा. शिळी झाल्यावर गोठवून काही मिळत नाही. काही जण गोठलेले दाणे तसेच दळतात आणि ते योग्यच आहे: २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थंड दाण्यांची पूड जास्त एकसारखी पडते असं दिसलं होतं. तसं करायचं असेल तर एका वेळेचे दाणे मोजूनच पुड्या बांधा. मोठी पिशवी बाहेर काढली तर ती बंद असतानाच बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा, परत फ्रीजरमध्ये ठेवू नका आणि आठवड्याभरात संपवा.